मातीच्या बंधाऱ्याची झिरप गढूळ: फिल्टरचे थर कसे द्यावेत?

मदत हवी आहे. पेठ तालुक्यातला पूर अडवणारा जुना मातीचा बंधारा, उंची साधारण 7 मीटर, आतून दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर). विमोचकाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) पाइपाशेजारी बाहेरच्या पायथ्याला झिरप आहे. पाणी नितळ असतं तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. पण बाटलीत भरून ठेवलं की तळाला पिवळी बारीक माती बसते. म्हणजे पाइपाच्या कडेने भराव पोखरला जातोय.

विमोचक उघडून पातळी मीटरभर उतरवली. झिरप कमी झाली, गढूळपणा तसाच. झिरपेचं तोंड माती-सिमेंटने बुजवलेलं नाही (बुजवूही नका, पाणी दुसरीकडून फुटतं). सांडवा मोकळा आहे. संबंधित कार्यालयाला आणि खालच्या वस्तीला कळवलंय.

दुरुस्ती होईपर्यंत उलटा फिल्टर (पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे थर) द्यायचाय: खाली वाळू, वर खडी, त्यावर दगड. ट्रॅक्टर पायथ्यापर्यंत जातो, भरावावर जेसीबी चढवायचा नाही. वाळूचा डी15 (ज्याहून 15 टक्के कण बारीक असतात तो आकार) मातीच्या डी85 च्या (ज्याहून 85 टक्के कण बारीक) 4-5 पटींच्या आत हवा हे ठाऊक आहे, पण चाळणी चाचणीचा निकाल यायला वेळ लागेल.

तोवर अशा गाळवट मातीवर नदीची जाड वाळू थेट टाकली तर चालेल का, की खाली बारीक वाळू हवीच? आणि प्रत्येक थर किती जाड?