दहावीचं गणित समजतंय, पण आठ दिवसांत पुसलं जातंय. मार्चपर्यंत काय करता येईल?

खानापूरचा_मामा
भाचा दहावीला आहे, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, मराठी माध्यमाच्या हायस्कूलला, म्हणजे बोर्ड कर्नाटकचं. गणितात ८० पैकी २२-२५ च्या पुढं सरकत नाही. समजावून सांगितलं की समजतंय, वहीत गणित बरोबर येतंय, आणि आठ दिवसांनी तेच गणित घातलं की कोरा कागद. सूत्रांचा तक्ता भिंतीवर लावलाय, रोज सकाळी वाचून घेतो. पाढे १२ च्या पुढं कच्चे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पाढे आधी पक्के करून घ्यावेत काय? कोल्हापूरहून महाराष्ट्र बोर्डाचं गाइड आणलंय, ते चालेल काय? की सरळ पासिंग पॅकेज, म्हणजे पास होण्यापुरती निवडक गणितं, करून घ्यावं?

खडू_डस्टर
गाइडचं आधी सांगतो, कारण त्यात वेळ फुकट जातो. महाराष्ट्रात गणिताचे ४०-४० गुणांचे दोन पेपर असतात. त्यांच्या पुस्तकातलं जीएसटी आणि शेअर्सचं अर्थनियोजन, निश्चयक वापरून समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत, हे आपल्याला नाही. उलट आपल्याकडची वास्तव संख्या आणि बहुपदी ही प्रकरणं त्यांच्या दहावीत नाहीत. आपलं पुस्तक एनसीईआरटीचं. त्यातली सोडवलेली उदाहरणं आणि आपल्या बोर्डाचे जुने पेपर, एवढ्यावर भागतं. मराठी माध्यमाचा पेपर मराठीतच येतो, तेव्हा जुने पेपरही मराठीतलेच जमवा.

आता मूळ दुखणं. प्रिपरेटरीचा, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेचा, तपासलेला पेपर घ्या आणि जिथं जिथं गुण गेलेत तिथं पेन्सिलनं एक अक्षर लिहा. सूत्रच आठवलं नाही तर ‘सू’. सूत्र येत होतं पण इथं तेच लावायचं हे कळलं नाही तर ‘ओ’, म्हणजे ओळख. रीत बरोबर पण चिन्ह किंवा आकडेमोड चुकली तर ‘आ’. हातच लावला नाही तर ‘को’. मग मोजा. घरचे लोक सगळ्याला ‘लक्षात राहत नाही’ म्हणतात आणि सगळ्यावर पाठांतराचा उतारा देतात. पण पेपरात ‘आ’ जास्त निघाले तर तिथं पाठांतराचा काही उपयोग नाही.

पाढ्यांमागं लागू नका. १० पर्यंतचे पाढे तोंडावर आणि २० पर्यंतचे वर्ग पाठ, एवढं पुरे. १७ × ६ अडलं तर ६० आणि ४२ मिळून १०२ असं करता येतं. कॅल्क्युलेटर चालत नाही, पण पेपरातले आकडेही फार वाकडे नसतात. खरा घात होतो तो ऋण संख्या आणि अपूर्णांकांत, म्हणजे सातवीच्या गणितात. रोज दहा मिनिटं एवढंच घ्या: −८ + ३, −८ − ३, (−८) × (−३), २/३ + १/४. एकही न चुकता वीस येईपर्यंत.

एक नमुना बघा. ७, ४, १ ... या श्रेढीचं २० वं पद. फरक −३, म्हणून ७ + १९ × (−३) = −५०. इथं मुलं तीन ठिकाणी घसरतात: फरक ३ घेतात, १९ च्या जागी २० नं गुणतात, नाहीतर आधी ७ आणि १९ ची बेरीज करून मग गुणतात. पहिली चूक चिन्हाची, दुसरी सूत्राची, तिसरी क्रियांच्या क्रमाची. ‘नीट बघून कर’ म्हणून यातली एकही सुटत नाही.

निपाणीची_ताई
सरांचं पटलं. आठवणीबद्दल थोडं जोडते.

दादा, तो तक्ता भिंतीवरून काढा. रोज वाचलं की सूत्र ओळखीचं वाटायला लागतं, आणि ओळखीचं वाटलं की मुलाला वाटतं आलं. परीक्षेत मात्र ते मनातून बाहेर काढायचं असतं, त्याचा सराव वाचून होत नाही. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं. उताऱ्यांवरचा प्रयोग होता, गणिताचा नव्हे. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर वाचून मग स्वतः आठवून लिहिणारे पुढं गेले. तुमच्या भाच्याचे आठ दिवस याच जागी येतात.

घरी असं करा. सोडवलेलं गणित एकदा समजून घ्यायचं, पुस्तक मिटायचं आणि कोऱ्या कागदावर तेच पहिल्यापासून लिहायचं. अडलं तर पुस्तक उघडून फक्त पुढची एक पायरी बघायची, पुन्हा मिटायचं. मग आकडे बदलून दुसरं. तेच गणित दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी, दरवेळी कोऱ्या कागदावर. सातव्या दिवशी आठवायला त्रास होणारच. त्या वेळी लगेच सांगू नका, दोन मिनिटं घाम गाळू दे.

सूत्रांच्या चिठ्ठ्या करा. पुढच्या बाजूला सूत्राचं नाव लिहू नका, छोटा प्रश्न लिहा: ‘शंकूची त्रिज्या ३, उंची ४, तिरकी उंची किती?’ मागं ५ आणि ती कशी आली ते. बुटाच्या खोक्याचे तीन कप्पे करायचे. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या रविवारी. बरोबर आली की पुढच्या कप्प्यात, चुकली की थेट पहिल्यात. नव्या चिठ्ठ्या दिवसाला पाचच, हौसेनं वीस केल्या की चौथ्या दिवशी खोकं कपाटावर जातं.

काही सूत्रं पाठ करायचीच नाहीत, जागेवर तयार करायची. साइनसाठी ०, ३०, ४५, ६०, ९० अंशांखाली ०, १, २, ३, ४ लिहा, प्रत्येकाचं वर्गमूळ काढून २ नं भागा. कॉस म्हणजे तीच ओळ उलटी. टॅन म्हणजे साइन भागिले कॉस, म्हणून ९० ला टॅन नाही, खाली शून्य येतं. पेपर हातात आला की हे कोष्टक कच्च्या कामाच्या जागेत आधी मांडून ठेवायचं.

‘ओ’ साठी वेगळा उपाय. प्रकरणाखालच्या स्वाध्यायात कुठलं सूत्र लावायचं हे प्रकरणाचं नावच सांगतं, पेपरात तसं कुणी सांगत नाही. म्हणून आठवड्यातून तीन दिवस पाच प्रकरणांतली पाच गणितं एकत्र करून द्या, आणि सोडवायच्या आधी प्रत्येकाला एकच प्रश्न: कुठलं सूत्र, कशावरून? ‘पहिल्या महिन्यात २०० रुपये साठवले, पुढं दर महिन्याला ५० वाढवले.’ दरवेळी तेवढेच वाढतात, म्हणजे श्रेढी. बाराव्या महिन्यात किती साठवले विचारलं तर पदाचं सूत्र, उत्तर ७५०. वर्षात एकूण किती विचारलं तर बेरजेचं, ५७००. नुसतं ओळखून सोडून दिलं तरी चालतं. अशी दहा गणितं पंधरा मिनिटांत होतात.

चिक्कोडी_एक्सप्रेस
पासिंग पॅकेजला नाकं मुरडू नयेत असं माझं मत. २२ वर असलेल्या पोराला सगळं पुस्तक दाखवलं की ते सगळंच सोडतं.

पेपरचा हिशोब बघा. ३८ प्रश्न, ८० गुण, वेळ ३ तास १५ मिनिटं, त्यातली १५ पेपर वाचायला. एक गुणाचे १६ (आठ बहुपर्यायी, आठ लहान उत्तराचे), दोन गुणांचे ८, तीन गुणांचे ९, चार गुणांचे ४ आणि पाच गुणांचा १. बहुपर्यायी प्रश्नात पर्यायाचं अक्षर आणि उत्तर दोन्ही लिहायची सूचना असते. बरीच मुलं नुसतं अक्षर लिहून मोकळी होतात.

पहिल्यांदा हात घालायचा तो आलेखाला. दोन समीकरणं, प्रत्येकी तीन बिंदू. रेषेला दोन पुरतात, तिसरा तपासणीचा: एका रेषेत बसला नाही तर कोष्टकातच चूक आहे. क्ष + य = ५ आणि क्ष − य = १ घ्या. पहिल्याचे (०, ५), (२, ३), (५, ०), दुसऱ्याचे (१, ०), (३, २), (५, ४), छेद (३, २). प्रमाण लिहायचं, अक्षांना नावं द्यायची, उत्तर दोन्ही समीकरणांत घालून बघायचं.

मग थेल्सचं प्रमेय (त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात छेदते) आणि बाह्यबिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका समान असतात हे. इथं ओळी घोकतात आणि पेपरात अक्षरं बदलली की अडकतात. रोज वेगळी अक्षरं घेऊन आकृती काढू दे. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या चार शब्दांखाली लिहायचं. सिद्धता अडली तरी आकृती आणि पक्ष-साध्याचे गुण हातचे जात नाहीत.

त्यानंतर मध्यक. तिथं मध्यक-वर्गाच्या *आधीच्या* वर्गाची संचित वारंवारता घ्यायची असते, पोरं त्याच वर्गाची घेतात. मग वर्गसमीकरणाचं सूत्र: २क्ष² − ५क्ष + ३ = ० मध्ये बी, म्हणजे क्ष चा गुणक, आहे −५, म्हणून वजा बी म्हणजे +५, आणि बी चा वर्ग +२५, −२५ नव्हे. उत्तरं १ आणि ३/२. घनफळात व्यास दिलाय की त्रिज्या, त्या शब्दाखाली रेघ मारल्याशिवाय पुढं जायचं नाही.

खडू_डस्टर
एक्सप्रेसराव, यादी चांगली. पण पॅकेज करायचं तर ताईंच्या पद्धतीनं. पॅकेजमधली तीच दहा गणितं पाठ झाली आणि आकडे बदलले की परत शून्य.

खानापूरचा_मामा
सगळ्यांचे आभार. आज रात्री पेपरवर अक्षरं लिहून बघितली. ‘आ’ सर्वांत जास्त, मग ‘को’. रोज दीड तास मिळतो. कसा वाटून घेऊ?

निपाणीची_ताई
दहा मिनिटं ऋण संख्या आणि अपूर्णांक. पंधरा मिनिटं खोकं. चाळीस मिनिटं एकाच प्रकारची नवीन गणितं, आलेखापासून सुरू करा. उरलेल्या वेळात जुन्यातली कोऱ्या कागदावर. रविवारी ‘को’ साठी जुना पेपर घड्याळ लावून, सलग ३ तास १५ मिनिटं, मधे उठायचं नाही, आणि संध्याकाळी तुमची ती चार अक्षरं परत. ‘आ’ निघाला तर अख्खं गणित पुन्हा करायला लावू नका, चुकलेली ओळ शोधून त्याच्याकडूनच तिथं गोल करून घ्या.

चिक्कोडी_एक्सप्रेस
आणि शाळेत इंटर्नलचे २० गुण असतात, त्यासाठीचं काम वेळेत द्या. पहिल्या परीक्षेत अडलं तरी पुन्हा बसायची संधी असते, पण हे पोराला आत्ता सांगू नका.