पहिल्या टप्प्यातला फुप्फुसाचा कॅन्सर: लिम्फ नोड सगळे काढावेत की निवडक?

तापीकाठ (भुसावळ):
माझ्या मते फुप्फुसाच्या रोगट लोबसोबत (भागासोबत) छातीच्या मधल्या भागातले सगळे लिम्फ नोड, म्हणजे रोग आधी पसरतो त्या छोट्या गाठी, काढावेत. काकांचं ऑपरेशन मुंबईला ठरलंय. इथल्या एका डॉक्टरांचं म्हणणं, पेट स्कॅन (शरीरात कॅन्सर कुठे पसरलाय ते दाखवणारा स्कॅन) स्वच्छ आहे, दोन-चार नोड तपासले तरी पुरे. मला हे पटत नाही. बारीक पसरलेला रोग स्कॅनला दिसत नाही. नोडमध्ये कॅन्सर निघाला तर स्टेज बदलते, केमोचा निर्णय बदलतो. शिवाय आपल्याकडचा माणूस कापूस वेचणीच्या दिवसांत फेरतपासणीला मुंबई गाठेल याचा भरवसा नाही. जे करायचं ते एकदाच नीट करा.

धुळेकर सर्जन:
दादा, काळजी समजते, पण पुरावाही बघा. अमेरिकेतल्या झेड००३० अभ्यासात हजाराहून जास्त रुग्ण होते. निकाल 2011 मध्ये आला. निवडक नोड काढलेल्यांत 5 वर्षांनी रोगमुक्त 69 टक्के, सगळे काढलेल्यांत 68. मग जास्तीची कापाकापी कशासाठी? स्वरयंत्राची नस दुखावली तर आवाज बसतो. लसवाहिनी (लिम्फ वाहून नेणारी नळी) फाटली तर छातीत घातलेल्या नळीतून दुधासारखा स्राव दिवसेंदिवस वाहतो. आणि आपल्या भागात जुना टीबी किती! असे नोड कडक होऊन फुप्फुसाच्या धमनीला चिकटलेले असतात. ते सोडवताना धमनी फाटली तर टेबलावरच जिवावर बेततं.

चोपड्याची लॅबवाली:
डॉक्टर, तोच अभ्यास पुढे वाचा. त्यात निवडक म्हणजे दोन-चार नव्हेत. उजव्या बाजूला 2, 4, 7 आणि 10 या ठरलेल्या स्टेशनांचे (छातीतल्या नंबर दिलेल्या जागांचे) नोड घेऊन ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शनवर, म्हणजे तुकडा गोठवून लगेच, तपासले. ते स्वच्छ निघाल्यावरच रुग्णांचे दोन गट पाडले. तरीही सगळे काढलेल्या गटात सुमारे 4 टक्के रुग्णांच्या मध्यछातीत लपलेला रोग सापडला. वेळ साधारण 15 मिनिटं जास्त लागला, गुंतागुंत फारशी वाढली नाही. आमच्याकडे मात्र एकाच बरणीत सगळे तुकडे येतात, वर नुसतं 'नोड' लिहिलेलं. कुठला कुठून काढला कळत नाही. मग स्टेज काय लिहायची? रुग्णाचं खरं नुकसान इथे होतं, आणि याचा मला फार राग येतो.

धुळेकर सर्जन:
बरणीचं शंभर टक्के मान्य. नोड न बघता छाती बंद करणं मलाही मंजूर नाही, 7 नंबरचं स्टेशन तर सुटताच कामा नये. पण सगळ्यांना एकच नियम नको. सीटीवर नुसती धुरकट सावली असेल तर नोडपर्यंत रोग क्वचितच पोहोचतो. वर्षानुवर्षं बिडी ओढून दम लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची छाती गरजेपेक्षा जास्त वेळ उघडी ठेवायची नाही.

तापीकाठ:
काकांचा ट्यूमर भरीव आहे, धुरकट नाही, म्हणून माझं मत तेच. ताई, मुंबईच्या सर्जनना विचारतो: कुठल्या स्टेशनांचे नोड काढणार, फ्रोझनची सोय आहे का, आणि प्रत्येक स्टेशनची बरणी वेगळी, नंबर घालून पाठवणार का. आणखी काही विचारायचं असेल तर लिहा.

चोपड्याची लॅबवाली:
ट्यूमरमध्ये ईजीएफआर या जनुकात बदल आहे का, ती तपासणीही सांगा. ती पॉझिटिव्ह आली तर ऑपरेशननंतर गोळी द्यायची की नाही, हे ठरवतानाही स्टेज बघतात.