मदत हवी आहे: ओरॅकल १९सीची पॅच लेव्हल दोन ठिकाणी वेगळी दिसतेय

लिनक्सवर ओरॅकल १९सी डेटाबेस, सिंगल इन्स्टन्स (एकाच सर्व्हरवर चालणारा). ऑडिटला नेमकी पॅच लेव्हल (कुठल्या अपडेटपर्यंतचे पॅच लागलेत ते) लिहून द्यायचीय. व्ही-डॉलर-व्हर्जन या आवृत्ती दाखवणाऱ्या व्ह्यूमधला बॅनर कॉलम नुसतं १९.०.०.०.० म्हणतो, त्याचा उपयोग शून्य. त्यातलाच बॅनर-फुल कॉलम १९.२२ दाखवतो, लागलेल्या पॅचची यादी देणाऱ्या ओपॅच एलएसपॅचेस कमांडमध्येही १९.२२ चाच रिलीज अपडेट. पण डेटाबेसच्या आत लागलेल्या एसक्यूएल पॅचची नोंद ठेवणाऱ्या डीबीए-रजिस्ट्री-एसक्यूएलपॅचमधली शेवटची ओळ १९.१८ ची, स्टेटस सक्सेस. ओरॅकल होम (सॉफ्टवेअर बसवलंय ते फोल्डर) दोनदा तपासलं. मशीनवर दुसरं होम नाहीच. पॅच माझ्या आधीच्या माणसाने लावलाय, लॉग सापडत नाहीत. म्हणजे बायनरी (प्रोग्रॅमच्या फाइल्स) बदलल्या आणि डेटापॅच (पॅचचे एसक्यूएल बदल डेटाबेसमध्ये घालणारं टूल) चालवायचं राहून गेलं, असंच ना? प्रॉडक्शन आहे, रीस्टार्ट रविवारीच मिळेल. तोवर चालू डेटाबेसवर नुसतं डेटापॅच चालवलं तर चालेल का, आणि ऑडिटला यातला कुठला आकडा द्यायचा?