मदत हवी: टाकीचा फोटो काढताना मान वर केली की भोवळ येते

पाण्याच्या टाक्यांचे फोटो ग्रामपंचायतीला काढून द्यायचे आहेत. चामोर्शी तालुका, टाक्या साधारण १५ मीटर उंच. एक फोटो अख्ख्या टाकीचा, एक खालून, स्लॅबला ओल कुठे आहे ते दिसेल असा. मान वर केली की ५-१० सेकंदांत तोल जातो, टाकी अंगावर येतेय असं वाटतं. ढग असले तर जास्तच. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), लेन्स १८-५५ मिमी, मोबाइल आहे. काय करावं?

धुऱ्यावरचा
ताई, सरकतात ढग, पण डोळ्यांना वाटतं टाकीच कलली. त्यात मान मागे गेली की कानातली तोलाची यंत्रणा नेहमीच्या स्थितीत राहत नाही, आणि जवळची जमीन नजरेआड होते. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की उरलासुरला आधारही गेला. म्हणून मान वर करायचीच नाही.

लेन्स १८ वर, कॅमेरा उभ्या फोटोसाठी आडवा न धरता उभा धरा, आणि वर-खाली न कलवता अगदी समोर रोखा. १५ मधून डोळ्याची उंची वजा केली की १३.५, त्याच्या दीडपटीहून जरा जास्त, म्हणजे साधारण २१ मीटरवर टाकीचं टोक जेमतेम बसतं. वर थोडं आभाळ हवं तर २४ मीटर, साधारण ३४ पावलं. खालची जमीन नंतर कापा. खांबही सरळ येतात, हा फायदाच.

पावलं मात्र टाकीकडे पाठ करून मोजा. डोळा कॅमेऱ्यात ठेवून मागे सरकलं की धुऱ्याला (शेताच्या बांधाला) टाच अडकते आणि माणूस थेट बांधीत (भाताच्या खाचरात).

खालच्या फोटोसाठी दुपट्ट्याची घडी जमिनीवर, त्यावर मोबाइल पालथा, टायमर १० सेकंद, आणि बाजूला व्हा. कडेच्या उजेडामुळे स्लॅब काळा येतो. एक्स्पोजर आधीच +१ आणि +२ ठेवून दोन्ही काढा. ऊन चढायच्या आत.

कानामात्रा
हे सगळं बरोबर, पण आधी एक बघा. अंथरुणात कूस बदलतानाही मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर होते का? मग कानातले खडे सरकल्याची शक्यता आहे. कान-नाक-घसा डॉक्टर डोकं ठराविक दिशांना वळवून ते जागेवर आणतात. उकिडवं बसून उठताना अंधारी येत असेल तर गोष्ट वेगळी: पाणी कमी, ऊन किंवा बीपीची गोळी. बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर कॅमेरा राहू द्या, तडक दवाखाना.

धागाकर्ती
अंथरुणात काही नाही होत. एका टाकीमागे १२ मीटरवरच शाळेची भिंत आहे, तिथं?

धुऱ्यावरचा
तिथं कॅमेरा १८ ते २० अंश वर करावाच लागेल. ट्रायपॉडवर छातीइतक्या उंचीला लावा, लाइव्ह व्ह्यू चालू करा, पाठ भिंतीला टेकवा आणि फक्त स्क्रीनकडे बघा. खांब वर निमुळते दिसतील. नोंदीसाठी चालतंय जी.