प्र: फौजदारीतून सुटला म्हणजे जमीन त्याचीच?

वर कुणीतरी लिहिलंय की अतिक्रमणाच्या गुन्ह्यातून शेजारी निर्दोष सुटला, म्हणजे जमीन त्याचीच ठरली. तसं अजिबात नाही. फौजदारीत गुन्हा संशयापलीकडे शाबीत व्हावा लागतो, तर दिवाणीत कुणाची बाजू जास्त संभवनीय हे बघतात. त्यामुळे तो तिकडे सुटला तरी दिवाणी दावा इकडे तुम्ही जिंकू शकता.

आमचा खानापूर तालुक्यातला अनुभव सांगतो. ऐन पेरणीत शेजाऱ्याने बांधाचे दगड उपटून आमच्या भातशेतात नांगर घातला. ठाण्यात गेलो तर "हे सिव्हिल आहे, कोर्टात जा" म्हणाले. वडील पहाणीची (म्हणजे सातबाऱ्यासारख्या जमिनीच्या उताऱ्याची) दुरुस्ती होईपर्यंत थांबू म्हणत होते, पण वकिलांनी थांबू दिलं नाही, हे फार बरं झालं. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम ६ असं आहे की तुमच्या संमतीविना, कायदेशीर मार्ग सोडून कब्जा काढून घेतला, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावा. मग मालकी सिद्ध न करताही कब्जा परत मिळतो, फक्त सरकारविरुद्ध हे कलम चालत नाही. नंतर मालकीवरून दावा लावता येतो, पण मग सगळी कागदपत्रं काढत बसावं लागतं. दगड उपटले ती तारीख आधी लिहून ठेवा.