डीव्हिएट हे क्रियापद नेमकं कुठे आणि कसं वापरायचं?

प्रश्न

तपासणी अहवालात मी ‘द प्रोसेस वॉज डीव्हिएटेड’ असं लिहिलं होतं. वरिष्ठांनी ते खोडलं, पण कारण सांगितलं नाही. शब्दकोशात ‘विचलित होणे’ असा अर्थ दिसतो. मग वाक्यात चुकलं काय? आणि डायव्हर्ट, डायव्हर्ज, डायग्रेस यांच्यात आणि डीव्हिएटमध्ये फरक काय?

प्रतिसाद १

चूक कर्मणी रचनेची आहे. डीव्हिएट हे आजच्या इंग्रजीत जवळजवळ नेहमी अकर्मक असतं. कर्ता स्वतः ठरलेल्या वाटेवरून सरकतो, त्याला कोणी ‘डीव्हिएट करत’ नाही. आपण ‘डीव्हिएट केलं’ म्हणतो, म्हणून इंग्रजीतही कर्म शोधायला जातो, आणि तिथेच घसरतो.

शिवाय कशापासून हटलं ते तुमच्या वाक्यात नाही. अहवालात तेच महत्त्वाचं. ते ‘फ्रॉम’ने जोडा, आणि किती हटलं ते ‘बाय’ने: ‘द टेम्परेचर डीव्हिएटेड फ्रॉम द सेट लिमिट बाय थ्री डिग्रीज.’ माणसांनी पायरी बदलली असेल तर ‘द ऑपरेटर डीव्हिएटेड फ्रॉम स्टेप फोर’. कोणी बदलली हे सांगायचं नसेल तर नाम घ्या: ‘देअर वॉज अ डीव्हिएशन फ्रॉम द प्रोसीजर’. औषधनिर्मितीच्या नोंदींत डीव्हिएशन हीच रूढ संज्ञा आहे: मंजूर कार्यपद्धतीपासून झालेली फारकत. ती कारणासह नोंदवावी लागते.

‘डीव्हिएटेड सेप्टम’ हा प्रयोग दिसतो, पण तिथे डीव्हिएटेड हे विशेषण आहे: नाकातला वाकडा पडदा. त्यावरून ‘वॉज डीव्हिएटेड’ बरोबर ठरत नाही.

प्रतिसाद २

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. बाकीच्या शब्दांबद्दल:

डायव्हर्ट सकर्मक आहे. वाहतूक कोणीतरी दुसरीकडे वळवतं, म्हणून ‘वॉज डायव्हर्टेड’ चालतं. तुमच्या वाक्याचा घोळ बहुधा इथूनच आला असावा. डायव्हर्जमध्ये दोन गोष्टी एकमेकींपासून दूर जातात: दोन मतं, दोन रस्ते. डीव्हिएटला मात्र एक ठरलेला मापदंड लागतो, त्यापासूनचं अंतर मोजलं जातं. डायग्रेस मुख्यतः बोलण्या-लिहिण्यापुरतं, म्हणजे विषयांतर. स्ट्रे म्हणजे भरकटणं, त्यात बहुधा नकळतपणा असतो. डीव्हिएट मुद्दामही असू शकतं आणि नकळतही.

मराठीत ‘विचलित’ जपून वापरा. वाचकाच्या मनात आधी ‘मन अस्वस्थ झालं’ हाच अर्थ येतो. संख्याशास्त्रात ‘प्रमाण विचलन’ पक्कं रुजलं आहे, तिथे ते ठेवा. संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअरसन यांनी त्यासाठीची ‘स्टँडर्ड डीव्हिएशन’ ही इंग्रजी संज्ञा १८९०च्या दशकात रूढ केली. तिथे मापदंड म्हणजे सरासरी. इतरत्र संदर्भ पाहा: तत्त्वापासून ढळणं, नियमाला फाटा देणं, प्रथेपासून फारकत घेणं, मार्ग सोडणं. ‘बगल देणं’ मात्र नको, त्यात टाळाटाळीचा आरोप येतो आणि मूळ क्रियापद तसा आरोप करत नाही.

प्रश्नकर्ता

म्हणजे ‘नॉर्म्स’पासून डीव्हिएट होणं ही निंदा नाही?

प्रतिसाद २

क्रियापद तटस्थ आहे. ‘नॉर्म्स’ किंवा ‘रूल्स’ सोबत आले की किंचित नाराजीचा सूर येतो, तोही संदर्भामुळे. ‘डीव्हिअंट’ची गोष्ट वेगळी. समाजशास्त्रात ती तांत्रिक संज्ञा आहे, पण रोजच्या इंग्रजीत एखाद्या माणसाला डीव्हिअंट म्हणणं म्हणजे त्याला विकृत ठरवणं. अहवालात माणसाबद्दल तो शब्द कधीही लिहू नका. आकडा किंवा वाचन गटापासून फटकून असेल तर ‘आउटलायर’ म्हणा.

प्रतिसाद ३

उच्चाराचं राहिलं. आघात पहिल्या अक्षरावर: ‘डी-व्हि-एट’. नाम किंवा विशेषण असेल तर शेवट आखूड होऊन ‘डी-व्हि-अट’ होतो. संख्याशास्त्रातलं ‘नॉर्मल डीव्हिएट’ (घंटेच्या आकाराच्या ‘नॉर्मल’ वितरणातलं एखादं मूल्य) हे नाम आहे, त्यामुळे ते मोठ्याने वाचताना शेवटी ‘एट’ म्हणू नका.