मदत हवी आहे: रेफरी नसलेल्या नाइन-बॉल स्पर्धेत फाउलचे वाद कसे मिटवायचे? (सोलापूर)

चौकोनी_चॉक
मंडळी, होटगी रोडच्या एका क्लबात पुढच्या महिन्यात नाइन-बॉलची (पूलचा एक प्रकार, टेबलावरचा सगळ्यात लहान नंबर आधी लागायला हवा) स्पर्धा आहे. टेबलं चार, मार्कर (गुण मांडणारे) दोन, रेफरी शून्य. खेळणारे बहुतेक स्नूकरवरून आलेले. मागच्या खेपेला तीन ठिकाणी हमरीतुमरी झाली.

एक: पांढरा (क्यू बॉल, म्हणजे काठीने मारायचा बॉल) चार नंबरच्या अगदी जवळ. सरळ त्यातच मारला, दोन्ही बॉल जोडीने निघाले. समोरचा म्हणाला डबल हिट (काठी पांढऱ्याला दोनदा लागली), हा म्हणाला चिकटलेला होता. दोन: पांढरा दोन नंबरला चिकटलेला, दोनच लागू (म्हणजे आधी त्यालाच लागायला हवं). खेळाडूने पांढरा दुसरीकडे काढला आणि म्हणाला, दोनला लागलाच की. तीन: बाहीने सात नंबर हलला, त्याने स्वतःच जागेवर ठेवला आणि पुढे खेळला.

डब्ल्यूपीएचे (पूलची जागतिक संघटना) जागतिक नियम लावायचे आहेत. निकाल काय, आणि मार्करला नेमकं काय बघायला सांगायचं?

हिरवं_कापड
दुसऱ्याचा निकाल सोपा, म्हणून आधी तो. फाउल. स्नूकरमध्ये टचिंग बॉल लागू असेल तर पांढरा त्यापासून दूर खेळायचा, आणि तो लागला असं धरतात. पूलमध्ये दूर खेळलात तर त्या बॉलला लागलं असं धरत नाहीत. उलट चिकटलेल्या लागू बॉलच्या दिशेने मारायला मुभा आहे, तो हलला की स्पर्श झाला. सोलापुरातले निम्मे वाद या एका फरकाचे असतील. भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा मालक.

पहिल्याची गुरुकिल्लीही यातच आहे. बॉल चिकटलाय असं रेफरीने किंवा प्रतिस्पर्ध्याने शॉटआधी जाहीर केलं नसेल, तर तो चिकटलेला नाही असंच धरतात. विचारून घ्यायची जबाबदारी खेळणाऱ्याची. शॉट झाल्यावर 'चिकटलेला होता' म्हणून उपयोग नाही.

टिप_टॉप
डबल हिटचं कारण कळलं की मार्करला समजावणं सोपं जातं. बॉल साधारण १७० ग्रॅमचा, क्यू (काठी) ५४० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मारल्यावर क्यू थांबत नाही, पुढे येतच राहतो. पांढरा समोरच्या बॉलला भरीव (समोरासमोर) लागला की वेग त्याला देऊन जागीच अडखळतो, तेवढ्यात मागून टिप (क्यूचं टोक) पुन्हा आदळते. म्हणून दोन बॉलमधली फट चॉकच्या रुंदीपेक्षा, म्हणजे सुमारे २२ मिमीपेक्षा, कमी असली की सावध व्हायचं.

दोनदा लागलेलं डोळ्याला दिसत नाही, टिपचा स्पर्श एखाद मिलिसेकंदाचा असतो. पांढरा पुढे कसा जातो ते बघायचं. वैध फॉलोमध्ये (पांढऱ्याला पुढची फिरकी देऊन मारलेला शॉट) तो क्षणभर रेंगाळतो आणि मग फिरकीवर पुढे सरकतो. डबल हिटमध्ये तो समोरच्या बॉलच्या मागोमाग, जवळपास त्याच वेगाने लगेच निघतो. 'जोडीने निघाले' हे तुमचं वर्णन खरं असेल आणि चिकटल्याचं जाहीर झालेलं नसेल, तर फाउल. बॉलला नुसती कड लागली असेल तर मात्र शॉट चांगला धरतात. आणि क्यू मागून उचलला म्हणजे शॉट आपोआप वैध, ही समजूत आधी डोक्यातून काढा.

मार्करने खेळाडूच्या मागे उभं राहू नये. शॉटच्या रेषेला काटकोनात, डोळे टेबलाच्या पातळीला.

हिरवं_कापड
तिसरं: रेफरी नसताना 'फक्त क्यू बॉल फाउल' ही पद्धत ठेवता येते. सात नंबर हलला, पण तो दुसऱ्या बॉलला लागला नाही आणि त्याच्या मूळ जागेवरून कुठलाही बॉल गेला नाही, तर फाउल नाही. मात्र तो तसाच ठेवायचा की परत लावायचा, हे प्रतिस्पर्धी ठरवणार. ती संधी न देता पुढचा शॉट मारला की फाउल, बॉल इन हँड (प्रतिस्पर्ध्याने पांढरा हवा तिथे ठेवून खेळायचं). तुमच्या गड्याने तेच केलं. गुपचूप ठेवायचं म्हणजे वर खोटेपणाचा आळ.

सलग तीन फाउलला रॅक (तो डाव) जातो, पण दुसऱ्यानंतर इशारा दिला नसेल तर तिसरा दुसराच मोजतात. इथे हमखास भांडण होतं. फाउलची खूण फळ्यावर करा.

चौकोनी_चॉक
आभार. दोन बॉल जवळजवळ एकदम लागले, कुठला आधी ते कळलंच नाही, तर? आणि मोबाइलवर शूट करून ठरवावं का?

टिप_टॉप
कळत नसेल तर लागू बॉल आधी लागला असं धरायचं, नियमच तसा आहे.

मोबाइलचं आधीच जाहीर करा: चालेल तर चारही टेबलांना, नाहीतर कुठेच नाही. साध्या ३० फ्रेमच्या चित्रीकरणात दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद जातात, काही हाती लागत नाही. २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये साधारण ४. टिपचा स्पर्श तरीही निसटेल, पण पांढरा रेंगाळला की नाही ते दिसतं. फोन स्टँडवर, बाजूने. प्रेक्षकाने हातात धरलेला नको.

त्याहून स्वस्त उपाय: शॉट अवघड दिसला की प्रतिस्पर्ध्याने खेळाडू वाकायच्या आधीच 'थांब, मार्करला बोलावतो' म्हणावं. वाकल्यावर टोकणं म्हणजे लक्ष विचलित करणं, ते खेळभावनेविरुद्ध धरतात. आणि फाउल पुढच्या शॉटआधी सांगितला नाही, तर तो झालाच नाही असं धरतात.

चौकोनी_चॉक
दोन मार्कर, चार टेबलं. एकाच वेळी तिघांनी हाक मारली तर?

हिरवं_कापड
थांबायचं. घड्याळ लावलं असेल तर तेवढा वेळ बंद ठेवा. बाकीच्यांनी चहा घ्यावा.